जुन्या अंकांतला लेख हाताशी यावा म्हणून: संगणक ग्राफिक्सच्या नियतकालिकांची सूची

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. धरमपेठेतील आपल्या ॲनिमेशन वर्गाला एका निवृत्त प्राध्यापकांनी संगणक ग्राफिक्सच्या नियतकालिकांचे सुमारे पावणेचारशे जुने अंक दिले. त्यांपैकी साठ अंक आपण स्कॅन करून त्यांचा ओसीआर (स्कॅनमधील छापील अक्षरांचा शोधता येणारा मजकूर) करून घेतला आणि लेखांची शीर्षके एक्सेलमध्ये उतरवायला घेतली. तरीही विद्यार्थ्याने ‘बंप मॅपिंग’ (पृष्ठभाग खडबडीत भासवण्याचे तंत्र) असे शोधले, की शीर्षकांच्या यादीत काहीच सापडत नाही आणि स्कॅन केलेल्या मजकुरात शंभर पाने सापडतात. यावर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे आपण विचारले आहे.

नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी सव्वीस वर्षे नियतकालिक विभाग सांभाळला आणि ग्राफिक्सच्या अंकांची सूची त्यातली बरीच वर्षे माझ्याकडेच होती. त्या अनुभवावरून सांगतो, की सॉफ्टवेअरचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो आणि तेव्हा तो फारसा अवघड राहिलेला नसतो. खरी अडचण अशी, की शोधणारा आजचा शब्द घेऊन येतो आणि लेखावर मात्र त्याच्या काळचा शब्द असतो. या दोघांची गाठ घालून देण्यासाठी सूची करायची असते आणि हे काम कोणतेही यंत्र आपोआप करून देत नाही. आपण दिलेलेच उदाहरण घ्या. बंप मॅपिंगचा मूळ लेख जेम्स ब्लिन यांनी १९७८ साली लिहिला आणि त्याचे शीर्षक ‘सिम्युलेशन ऑफ रिंकल्ड सरफेसेस’ असे आहे. शीर्षकात ‘बंप’ही नाही आणि ‘मॅपिंग’ही नाही. टर्नर व्हिटेड यांच्या १९८० सालच्या ज्या लेखाने रे ट्रेसिंगला, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र घडवण्याच्या तंत्राला, आजचे रूप दिले, त्याचे नाव ‘ॲन इम्प्रूव्ह्ड इल्युमिनेशन मॉडेल फॉर शेडेड डिस्प्ले’ असे आहे. केन पर्लिन यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘नॉइज’ (नैसर्गिक भासणारा अनियमितपणा निर्माण करणारे गणित) १९८५ सालच्या ‘ॲन इमेज सिंथेसायझर’ या लेखात आहे. म्हणजे विद्यार्थी ज्या तीन गोष्टी सर्वांत आधी शोधणार, त्या तिन्ही केवळ शीर्षकांच्या यादीत त्याला मिळणार नाहीत. मजकुरात शोध घेतला तर उलटा त्रास होतो. नंतरच्या वीस वर्षांत ज्या ज्या लेखकाने बंप मॅपिंगचा ओझरता उल्लेख केला, ती सगळी पाने समोर येतात आणि मूळ लेख त्या गर्दीत कुठेतरी खाली जातो.

ग्रंथालयातला नेहमीचा वर्गांकही येथे उपयोगी पडत नाही. ड्यूई दशांश वर्गीकरणात संगणक ग्राफिक्सला ००६.६ हा क्रमांक आहे, म्हणजे आपले पावणेचारशे अंक जवळजवळ पूर्ण त्या एकाच खणात जाऊन बसतात.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून राहतील आणि त्या मला येथून दिसत नाहीत. शोधणारे केवळ आपले विद्यार्थी आहेत की बाहेरचे संशोधकही येणार आहेत, संग्रह आहे तेवढाच राहणार आहे की त्यात भर पडणार आहे, आणि आठवड्याला किती तास कोण बसणार आहे, यांवर सूची किती खोल करायची ते ठरते. यांतला तिसरा मुद्दा लोक नेहमी कमी लेखतात. मला स्वतःला एका अंकाला, म्हणजे आठ-दहा लेख चाळून त्यांना विषयशब्द देण्यासह, सरासरी पाऊण तास लागत असे. त्या हिशेबाने आपल्या संग्रहाला पावणेतीनशे ते तीनशे तास लागतील. रोज दोन तास दिले, तर सणवार आणि सुट्या धरून सहा महिन्यांचे काम आहे. एवढा वेळ नसेल तर सर्व अंकांची अर्धवट सूची करण्यापेक्षा एकाच नियतकालिकाची पूर्ण सूची करावी, असे मी सुचवेन. पूर्ण सूचीत एखादी गोष्ट सापडली नाही, तर ती त्या नियतकालिकात नाही असे ठामपणे म्हणता येते. अर्धवट सूचीवरून तसे कधीच म्हणता येत नाही.

आता नोंद कशी करावी ते पाहू. एका लेखाची एक नोंद, हा पाया आहे. ब्लिन यांच्या लेखाची नोंद आमच्या सूचीत साधारण अशी होती. वाचायला सोपे जावे म्हणून येथे सर्व देवनागरीत देत आहे. प्रत्यक्षात लेखकाचे नाव आणि शीर्षक छापले आहे तसे रोमन लिपीतच ठेवावे.

लेखक: ब्लिन, जेम्स एफ.
शीर्षक: सिम्युलेशन ऑफ रिंकल्ड सरफेसेस
नियतकालिक: कॉम्प्युटर ग्राफिक्स, खंड १२, अंक ३, ऑगस्ट १९७८, पृ. २८६–२९२
विषय: बंप मॅपिंग, टेक्श्चर मॅपिंग, शेडिंग
काय दाखवले: सुरकुत्या, खडबडीत पृष्ठभाग
टीप: पृष्ठभागाचा आकार न बदलता केवळ अभिलंबाची (पृष्ठभागाला लंब असलेल्या रेषेची) दिशा हलवून खडबडीतपणाचा आभास निर्माण केला आहे.

शेवटची ओळ लेख चाळल्याशिवाय लिहिता येत नाही आणि सूचीची खरी किंमत तिच्यातच आहे. ती आपल्या शब्दांत आणि मराठीत लिहावी. लेखाचा छापील सारांश उतरवून काढू नये. तो लेखकाने समीक्षकांसाठी लिहिलेला असतो, विद्यार्थ्याला त्यातून फारसा बोध होत नाही.

‘काय दाखवले’ हा रकाना आमच्याकडे सुरुवातीला नव्हता. तो कसा आला ते सांगण्यासारखे आहे. एका विद्यार्थ्याला आग दाखवायची होती आणि त्याने ‘आग’, ‘ज्वाला’, ‘धूर’ असे सगळे शब्द शोधून पाहिले, पण सूचीने एकही लेख दिला नाही. विल्यम रीव्ह्ज यांचा पार्टिकल सिस्टिमवरचा, म्हणजे असंख्य सूक्ष्म कणांनी आगीसारख्या वस्तू घडवण्याच्या तंत्रावरचा, १९८३ सालचा लेख तर आमच्या कपाटातच होता. पण त्याच्या शीर्षकात ‘फझी ऑब्जेक्ट्स’ असे शब्द होते आणि मी विषय दिला होता ‘पार्टिकल सिस्टिम’. मी तंत्राचे नाव दिले होते आणि मुलगा वस्तूचे नाव घेऊन आला होता. ग्राफिक्समध्ये हे सतत घडते. शिकणाऱ्याला पाणी, केस, कापड, ढग, झाड दाखवायचे असते; त्यासाठीच्या तंत्राचे नाव त्याला अजून ठाऊक नसते आणि ते शोधण्यासाठीच तर तो आलेला असतो. म्हणून तंत्र आणि वस्तू यांचे रकाने वेगवेगळे ठेवावेत.

विषयशब्दांची यादी आधी ठरवावी की काम करता करता वाढवावी, यावर मतभेद आहेत. मी मधला मार्ग घेतला. एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेने १९८२ साली आखलेल्या आणि १९९८ मध्ये सुधारलेल्या वर्गीकरणात ग्राफिक्सला ‘आय.३’ हा विभाग होता आणि त्यातल्या ‘आय.३.७’खाली त्रिमितीय चित्रण आणि वास्तवाभास येत असे. त्या काळच्या अनेक लेखांच्या पहिल्याच पानावर हे क्रमांक छापलेले आढळतात. ते फुकट मिळालेले विषयशब्दच आहेत, तेव्हा उतरवून घ्यावेत. २०१२ साली त्या संस्थेने नवीन आराखडा आणला आणि अक्षर-अंकांची ती जुनी पद्धत सोडली. त्यामुळे हे क्रमांक सूचीचा कणा म्हणून वापरू नयेत, शेजारच्या रकान्यात ठेवावेत. कणा आपल्या स्वतःच्या यादीचाच असावा. सुरुवातीला साठ-सत्तर शब्द पुरेसे होतात. मग प्रत्येक शब्दाखाली त्याचे पर्याय लिहून ‘पाहा’ अशी खूण करावी: ‘इमेज सिंथेसिस, रेंडरिंग पाहा’, ‘हिडन लाइन, दृश्यता पाहा’. रे ट्रेसिंग एकीकडे जोडून आणि दुसरीकडे तोडून लिहिलेले आढळते, त्याचीही अशीच एक ओळ करावी. विद्यार्थ्याने यांतला कोणताही शब्द टाइप केला तरी त्याला एकाच ठिकाणी आणून सोडणे, एवढेच ‘पाहा’चे काम असते.

नावांच्या बाबतीतही हेच धोरण लागते. आपल्याकडे कवी ग्रेस आणि माणिक गोडघाटे ही एकच व्यक्ती आहे, हे नागपूरच्या वाचकाला सांगावे लागत नाही, पण सूचीला सांगावेच लागते. ग्राफिक्समध्ये याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘फाँग शेडिंग’. ज्यांच्या नावावरून हे तंत्र ओळखले जाते, ते बुई तुओंग फाँग व्हिएतनामी होते आणि व्हिएतनामी रीतीप्रमाणे ‘बुई’ हे त्यांचे घराण्याचे नाव होते. त्यांच्या १९७५ सालच्या लेखाचा संदर्भ कुणी ‘फाँग’ या नावाखाली देतो, कुणी ‘बुई’ या नावाखाली. ब्लिन यांचेही तसेच आहे. शोधलेखांवर ते ‘जेम्स एफ.’ असतात, तर १९८७ साली सुरू झालेल्या त्यांच्या सदराच्या माथ्यावर ‘जिम ब्लिन’ असे असते. एक रूप प्रमाण धरावे, बाकीच्या रूपांना ‘पाहा’ द्यावे आणि कोणते रूप का धरले ते एका वहीत लिहून ठेवावे. ही वही मी ‘निर्णयवही’ म्हणत असे. सूची दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा डेटाबेसपेक्षा तिचाच अधिक उपयोग होतो.

सदरांविषयी एक स्वतंत्र सूचना. ब्लिन यांच्या सदराचा प्रत्येक भाग हा स्वतंत्र लेख मानून त्याची वेगळी नोंद करावी. ‘सदर’ एवढेच लिहून मोकळे होऊ नये. उत्पादनांच्या बातम्या आणि जाहिराती मात्र मी सोडून देत असे. त्या काळच्या वर्कस्टेशनांच्या जाहिरातींत इतिहासाच्या दृष्टीने पुष्कळ काही आहे हे मान्य, पण तेवढे तास माझ्याकडे नव्हते.

खंड, अंक आणि वर्ष यांत चुका हमखास होतात आणि त्या पकडण्याची एक सोपी युक्ती आहे. ‘आयईईई कॉम्प्युटर ग्राफिक्स अँड ॲप्लिकेशन्स’ १९८१ साली सुरू झाले, म्हणून त्याच्या खंड क्रमांकात १९८० मिळवले की वर्ष मिळते. ‘एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन ग्राफिक्स’साठी १९८१ मिळवावे आणि ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स’ या त्रैमासिकाच्या ब्लिन यांच्या वरील लेखाच्या काळातील खंडांसाठी १९६६. एक्सेलमध्ये एक रकाना या बेरजेचा करावा. तो वर्षाशी जुळला नाही, की ती ओळ तांबडी होऊ द्यावी. आमच्या सूचीतील टंकनाच्या निम्म्याहून अधिक चुका या एका रकान्याने दाखवून दिल्या.

मात्र एक्सेलने मला एकदा चांगलेच फसवले, तेही सांगतो. काही नियतकालिकांचे जोडअंक असतात, म्हणून अंकाच्या रकान्यात आम्ही ‘३-४’ असे टंकले. एक्सेलने ती तारीख समजून मुकाट्याने ३ एप्रिल करून टाकली. ते २००७ साल होते आणि पडद्यावर दिसणाऱ्या तारखांकडे आमचे कुणाचे लक्ष गेले नाही. पुढे ती फाइल दुसऱ्या प्रणालीत नेली, तेव्हा अंकाच्या जागी ‘३९१७५’ असा आकडा उभा राहिला. १९०० सालापासून मोजलेला तो ३ एप्रिल २००७ चा दिवस-क्रमांक आहे, हे उलगडायला दोन दिवस गेले आणि सर्व जोडअंक कपाटातून काढून पुन्हा तपासायला तीन आठवडे. एकही अक्षर टंकण्यापूर्वी सर्व रकाने ‘मजकूर’ या प्रकारात ठेवावेत.

दुहेरी नोंदींचा प्रश्न ग्राफिक्समध्ये इतर विषयांपेक्षा अधिक आहे. सिग्राफ या संगणक ग्राफिक्सच्या वार्षिक परिषदेचे शोधलेख १९९२ पर्यंत ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स’ त्रैमासिकाचा एक अंक म्हणून निघत; १९९३ पासून ते स्वतंत्र ग्रंथ म्हणून निघू लागले आणि २००२ पासून ‘ट्रान्झॅक्शन्स’चा एक अंक म्हणून. त्यामुळे १९८५ सालचा एकच लेख कुणी ‘सिग्राफ ८५’ असा सांगतो, तर कुणी ‘खंड १९, अंक ३’ असा. नोंद एकच ठेवावी आणि तीत दोन्ही ओळखी द्याव्यात. याउलट रीव्ह्ज यांचा वर उल्लेखिलेला लेख त्याच वर्षी दोन्ही नियतकालिकांत छापला गेला. तेथे छापील जागा खरोखरच दोन आहेत, म्हणून नोंदी दोन कराव्यात आणि त्या एकमेकींना जोडाव्यात. जिथे लेखाचा डीओआय (कायमची ओळख देणारा) क्रमांक मिळतो तिथे तो जरूर लिहावा. जुन्या लेखांनाही ते क्रमांक नंतर दिले गेले आहेत आणि दोन नोंदी एकाच लेखाच्या आहेत का, हे ओळखायला त्यांची मदत होते.

ओसीआरवर आपण बरीच मेहनत घेतली आहे आणि ती वाया गेलेली नाही, पण तिच्यावर विसंबू नये. दोन स्तंभांची पाने, रंगीत पार्श्वभूमीवरचा मजकूर आणि समीकरणे यांत ओसीआर अडखळतो. रोमन ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की तो त्यांचा ‘एम’ करतो, आणि मग ‘मॉडर्न’चे ‘मोडेम’ होते. संगणकाच्या नियतकालिकात ‘मोडेम’ हा अगदी घरचाच शब्द असल्यामुळे शुद्धलेखन तपासणीलाही त्यात काही वावगे दिसत नाही. ओसीआरचा मजकूर दुसऱ्या फळीत ठेवावा: आधी नोंदीत शोध घ्यावा, तेथे काही मिळाले नाही तरच मजकुरात.

आता सॉफ्टवेअर. आपल्या ग्रंथालयांत एकेकाळी युनेस्कोचे सीडीएस-आयसिस हे सूचीचे सॉफ्टवेअर घराघरात होते आणि आमची सूचीही त्यातच जन्मली. आज आपण ग्रंथालय म्हणून पुस्तकेही देवघेवीत ठेवणार असाल तर कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर घ्यावे. केवळ या अंकांपुरता प्रश्न असेल तर ते घेणे म्हणजे चार संत्र्यांसाठी ट्रक सांगण्यासारखे आहे. चार-पाच हजार नोंदींना एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आणि त्यातली एफटीएस५ ही शोधसोय पुरते. आपले विद्यार्थी मराठीतही शोधणार असल्यामुळे तीत एक बदल मात्र करावा लागेल. शब्द वेगळे करणारा तिचा ‘युनिकोड६१’ हा भाग मूळ स्थितीत फक्त अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, वेलांटी, मात्रा ही चिन्हे तो शब्द तोडणारी मानतो. त्यामुळे ‘किरण’चे ‘क’ आणि ‘रण’ असे दोन तुकडे होतात, ‘कारण’चेही तेच दोन तुकडे होतात, आणि ‘किरण’ शोधणाऱ्याला ‘कारण’ असलेल्या सर्व टिपा मिळतात. त्याच्या ‘कॅटेगरीज’ या पर्यायात ‘एमएन’ आणि ‘एमसी’ हे अशा चिन्हांचे दोन वर्ग वाढवले की हे थांबते.

मराठीचे आणखी दोन खड्डे आहेत. ‘होणाऱ्या’ या शब्दातला अर्धा ‘ऱ्य’ काही कळफलक एका प्रकारे लिहितात, तर काही अदृश्य जोडचिन्ह घालून दुसऱ्या प्रकारे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला नाही. नोंद साठवताना आणि शोध घेताना, दोन्ही वेळा ते एकाच रूपात आणावेत. दुसरा खड्डा उसन्या शब्दांच्या लेखनाचा. ‘रेंडरिंग’, ‘रेन्डरिंग’, ‘रेंडरींग’ ही तिन्ही रूपे माझ्या विद्यार्थ्यांनी टंकलेली आहेत. शुद्धलेखनाचा धडा देत बसण्यापेक्षा तिन्ही ‘पाहा’च्या यादीत टाकलेली बरी.

हक्कांविषयी थोडक्यात. लेखक, शीर्षक, पृष्ठे आणि आपली स्वतःची टीप असलेली सूची सर्वांसाठी खुली ठेवायला हरकत नाही. स्कॅन केलेले अंक मात्र वर्गाबाहेर संकेतस्थळावर ठेवू नयेत; अंक भेट मिळाले म्हणून त्यांतील लेखांचा हक्क मिळत नाही. एसीएमने १९५१ ते २००० या काळातले आपले लेख २०२२ साली सर्वांना विनामूल्य खुले केले आहेत, तेव्हा त्या नियतकालिकांसाठी स्कॅन करत बसण्याऐवजी नोंदीत दुवा द्यावा आणि वाचलेला वेळ विषयशब्दांना द्यावा.

सुरुवात करताना आधी प्रत्येक वर्षाचा शेवटचा अंक काढा. अनेक नियतकालिके त्यात वर्षभराची लेखक-सूची छापतात आणि ती मिळाली की आपले निम्मे टंकन तपासलेलेच मिळते. मग पहिल्या दहा अंकांच्या पूर्ण नोंदी करा आणि लगेच विद्यार्थ्यांना शोधायला बसवा. पावणेचारशे अंक होईपर्यंत थांबू नका. शोधाच्या संगणकाशेजारी एक वही आणि दोरीने बांधलेले पेन ठेवा आणि ज्याला जे सापडले नाही ते त्याने टंकलेल्याच शब्दांत, चुकांसकट, लिहायला सांगा. आमच्या वहीत ‘आग’ हा शब्द असाच आला होता. दर शनिवारी ती वही घेऊन बसावे, प्रत्येक शब्दासाठी कपाटात काही आहे का ते पाहावे, असेल तर ‘पाहा’ची एक ओळ वाढवावी आणि वहीत त्या शब्दापुढे बरोबरची खूण करावी.